तोंडी ऑर्डर

बालविभागाच्या दारावर थर्माकोलचं कमळ टांगलं त्या दिवशी शेवंतीला वाटलं, इथे आता कुणाचं तरी लग्न लागणार. एवढं गुलाबी, एवढं गुबगुबीत, वर कडेनं चमकी लावलेलं. मधल्या गोलात सोनेरी अक्षरांत 'काळजी' आणि भोवतीच्या पाकळ्यांवर एकेक शब्द: कायदा, पैसा, यंत्र, शिक्षण, समाज, अधिकार. मेट्रनबाई खाली उभ्या राहून वॉचमनला हात करत होत्या.

"भगवान, डावीकडे घे. अरे, तुझं डावं नाही, माझं डावं!"

भगवान स्टुलावर लटपटत होता. दाराच्या अलीकडे, व्हरांड्यातल्या बाकावर, ओल्या ब्लाउजवर पदर ओढून शेवंती बसली होती. दाराच्या पलीकडे तिची चार महिन्यांची उत्पला रडत होती. आणि मधे कमळ. घरी बुद्धाच्या फोटोपुढे ठेवायचं फूल ते, या बाईनं त्याची पार लग्नाची कमान करून टाकली होती.

साल अठ्ठ्याऐंशी, मे महिना. डोंबिवलीत नळाला जे पाणी येत होतं ते घोटभर पिण्याआधी माणूस दोनदा वास घ्यायचा, आणि तरी पोरं जुलाबांनी आडवी होत होती. उत्पलाला अंगावरचंच दूध, वरचं काही नाही, तरीही कसं झालं कोण जाणे. शेवंतीनं त्यासाठी आधी स्वतःला, मग सासूला, मग सासूच्या बोटाला लावलेल्या मधाला दोष देऊन झाला होता. फॅमिली डॉक्टरांनी पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं, खोल गेलेली टाळू बघून त्यांचा चेहरा बदलला आणि ते म्हणाले, "ठाण्याला न्या. मोठ्या ठिकाणी."

मोठं ठिकाण म्हणजे खोपटच्या एसटी डेपोमागचं हे ट्रस्टचं हॉस्पिटल. मोठं होतंच. दोन जिने, तीन गेट, आणि प्रत्येक गेटावर 'आत जाऊ नये' असं सांगायला एक पगारी माणूस. पहिले दोन दिवस उत्पलाच्या हाताला सलाईन होतं. मग ते काढलं. आता पोरीनं प्यायचं होतं, बस्स. अंगावर प्यायचं आणि बरं व्हायचं. पण आया वॉर्डात नकोत. आयांमुळे इन्फेक्शन होतं. मुलाला नऊ महिने पोटात ठेवताना हे इन्फेक्शन कुठे गेलेलं असतं, असा प्रश्न शेवंतीच्या जिभेवर आला होता, पण समोर गोदा सिस्टर होती आणि गोदा सिस्टरला प्रश्न विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी आयांना आत बोलवायचे. पाजायचं, उठायचं, बाहेर. मधल्या वेळात बाटलीतून पावडरचं दूध. उत्पला रबराचं बोंडूक तोंडात घेतच नव्हती. जिभेनं बाहेर ढकलायची, ओठ आवळायची, मान फिरवायची आणि घसा बसेपर्यंत रडायची. मग शेवंतीला आत बोलावत तोवर ती रडून रडून झोपलेली असायची. झोपलेल्या पोरीला उठवावं तर दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायची, आणि तेवढ्यात हाक यायची: "चला, टाइम झाला!"

पहिल्या दिवशी शेवंतीची छाती दगडासारखी झाली होती, हात लावला तरी डोळ्यांत पाणी. ती उतरली होती त्या मनुमावशीकडे, खोपटच्या चाळीतल्या मोरीत उभं राहून ती दूध पिळून टाकत होती. पोरीचं दूध मोरीतून वाहून जाताना बघत होती. आता चौथ्या दिवशी छाती मऊ पडायला लागली होती. ते जास्त भीतीचं होतं. दगड परवडला.

"आटतंय काय गं?" शेजारच्या बाकावरून जनाबाईनं विचारलं. ही खडवलीची, तिचा नातू आत होता, न्यूमोनियाचा. सून माहेरी बाळंत म्हणून ही आलेली. तंबाखूची चिमूट गालात ठेवून ती दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तोलत बसायची.

"आटेल नाही तर काय," शेवंती म्हणाली.

"ते वर काय लिवलंय?"

"काळजी."

"कुनाची?"

"ते नाही लिहिलेलं."

जनाबाई खुदकन हसली आणि कोपऱ्यात जाऊन थुंकून आली.

हे कमळ म्हणजे परिचारिका सप्ताहाचं प्रकरण होतं. परिचारिका दिन जवळ आला होता, आणि मेट्रनबाई कुठल्याशा मोठ्या शहरात रिफ्रेशर कोर्स करून आल्या होत्या. तिथे त्यांना एक सिद्धांत मिळाला होता. पोरीला बाहुली मिळावी तसा. रोज दुपारी व्हरांड्यातच स्टाफला उभं करून त्या तो समजावत. बाहेरदेशातल्या कुणा बाईनं हॉस्पिटलांत फिरून, डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांना विचारून शोध लावला होता म्हणे, की काळजी ही एकट्यादुकट्या नर्सच्या मनात नसते. ती हॉस्पिटलच्या कायद्यात असते, पैशात असते, यंत्रात असते, कोण कुणाला विचारून काय करतं त्यात असते. "म्हणजे बघा," मेट्रनबाई डोळे अर्धवट मिटून म्हणत, "नियम हाच मायेचा हात आहे."

शेवंतीनं बी. ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं. बाकावर बसल्या बसल्या तिनं ते ऐकलं आणि तिला जास्तच चीड आली, कारण त्या बाहेरदेशच्या बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. ती बाई म्हणत होती, काळजी नियमांत मुरलेली आहे का ते जाऊन बघा. आणि ही ठाण्याची बाई म्हणत होती, आमचे नियम आहेत ना, मग झालीच काळजी. वाटीत काय आहे ते न बघता वाटी चाटणारी माणसं. आणि सगळा स्टाफ माना डोलवत होता, विद्यार्थिनी वह्यांत कमळ काढत होत्या, आणि आत बाटलीनं पाजणारी मदतनीस सखुबाई ओरडत होती, "अकरा नंबर परत पीत नाय वो!"

अकरा नंबर म्हणजे उत्पला. थेरीगाथेतून, बौद्ध भिक्षुणींच्या त्या गाथांतून, नवऱ्याशी भांडून ठेवलेलं नाव. इथे अकरा नंबर.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला तिचा नवरा कुंडलिक आला. एमआयडीसीतल्या केमिकलच्या कंपनीतून सुटून तसाच, शर्टाला तो नेहमीचा आंबूस वास.

"काय म्हणतात?"

"कमळ म्हणतात."

"अगं, नीट सांग ना."

"अहो, पोरगी बाटली घेत नाहीये आणि मला आत घेत नाहीत. एवढंच आहे. याच्यात नीट काय सांगायचं?"

"त्यांना कळतं गं. मोठं हॉस्पिटल आहे."

"इमारत मोठी आहे," शेवंती म्हणाली. कुंडलिकनं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. चांगला माणूस. सुपरवायझरसमोर उभं राहून राहून त्याच्या मानेला ती सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले. राऊंडच्या वेळी वॉर्डाचं दार उघडं ठेवत, आणि शेवंती दाराच्या चौकटीला चिकटून उभी राही. तिथे उभं राहू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण तसं उभं राहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवसांत तिनं सगळा वॉर्ड पाठ केला होता. परीक्षेला बसायचं असतं तर पहिली आली असती.

तिनं बघितलं होतं की मोठे डॉक्टर खाटेवरच्या पोराकडे बघत नाहीत, तक्त्याकडे बघतात. ते भराभर पुटपुटतात. आणि त्यांच्यामागे चालणारी गोदा सिस्टर, चेंदणी कोळीवाड्यातली, काळीसावळी, खांद्यांनी रुंद, चेहऱ्यावर मेलं एक सुरकुतीसुद्धा हसण्याची नाही, ती त्यांचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणते. "खाट सात, इंजेक्शन बंद. ऑर्डर घेतली." "खाट नऊ, उद्या घरी. ऑर्डर घेतली." आवाज असा की खाडीवरच्या होडीला हाक मारतेय. ते 'ऑर्डर घेतली' झालं की झालं. परवा मोठे डॉक्टर पुढच्या खाटेपर्यंत गेल्यावर म्हणाले होते, "अरे, मी सातला बंद म्हणालो का? चालू ठेवा." तर सिस्टर तिथेच थांबली. "सर, आधीची ऑर्डर रद्द म्हणा." आणि त्यांना म्हणावं लागलं, सगळ्यांसमोर, शाळेतल्या पोरासारखं. मग ती: "खाट सात, आधीची ऑर्डर रद्द. घेतली." कुणाला हसू आलं नाही. शेवंतीला आलं होतं. काय हा पोपटपणा!

आज अकराव्या खाटेशी मोठे डॉक्टर थांबले. "वजन वाढत नाहीये. पीत नाही?"

"बाटली घेत नाय सर."

"हम्. उद्यापर्यंत बघू. नाहीतर परत सलाईन. हाताच्या शिरा गेल्यात, डोक्यात लावा."

"खाट अकरा, उद्यापर्यंत बघायचं, नाहीतर सलाईन, डोक्यात. ऑर्डर घेतली."

शेवंतीनं दाराची चौकट धरली. पलीकडच्या खाटेवर एक मूल होतं तसं. अर्धं डोकं भादरलेलं, त्यावर चिकटपट्टीखाली सुई, हात हलवू नयेत म्हणून दोन्ही मनगटं खाटेला बांधलेली. उद्या उत्पला. तिला आईची भूक लागलीये म्हणून तिच्या डोक्यात सुई.

"सिस्टर," राऊंड संपल्यावर ती म्हणाली, "मला आत बसू द्या ना. ती मागेल तेव्हा पाजीन. वजन वाढेल हो."

"ऑर्डर नाय."

"पण तुम्हाला दिसतंय ना?"

गोदा सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं. ओल्या ब्लाउजकडे पाहिलं. "दिसतंय मला. आंधळी नाय मी. ऑर्डर नाय म्हटलं ना गो? बाहेर बस."

बाहेर येऊन शेवंतीनं जनाबाईला सांगितलं, "त्या बाईच्या छातीत काळीज नाही. टाइपरायटर आहे."

"माझ्या नातवाचा कफ वढायचा पंप रातच्याला बिघडलेला," जनाबाई म्हणाली, "तवा हिनंच हातानं ओढून काढला म्हनं कफ. पन हसली आसंल तर शपथ."

"मग काय आरती ओवाळू?" शेवंती म्हणाली. तिला त्या क्षणी कुणाचं काही चांगलं ऐकायचं नव्हतं.

दुपारी मेट्रनबाई स्वतः व्हरांड्यात आल्या. अंगाला पावडरचा वास, ओठांवर हसू. त्यांनी बाकांवरच्या बायकांवर नजर फिरवली, बाजारात वांगी निवडावीत तशी.

"तुमच्यात शिकलेलं कोण आहे?"

जनाबाईनं बोट दाखवलं. "ही हाय. कालेजवाली."

"अगंबाई, ग्रॅज्युएट? छान! हे बघा, उद्या परिचारिका दिन. आपले ट्रस्टी परशुरामशेठ येणार आहेत, वॉर्ड बघायला. त्या वेळी आपण सगळ्या आयांना आत बसवणार आहोत, एकेका खाटेशी एकेक. स्वच्छ साड्या नेसून या हं. मुलाला मांडीवर घ्यायचं, असं, प्रेमानं. आणि तुम्ही दोन शब्द बोलायचे. इथे किती काळजी घेतात, वगैरे. घाबरू नका, मी लिहून देते."

"आम्ही आत?" शेवंतीनं विचारलं. "आणि इन्फेक्शन?"

मेट्रनबाईंचं हसू जरासं आवळलं, पण सुटलं नाही. "तेवढ्यापुरतं काही होत नाही हो."

तेवढ्यापुरतं! म्हणजे शेठ असेपर्यंत जंतू दाराशी अदबीनं थांबणार, आणि शेठची गाडी गेटाबाहेर पडली की परत आत शिरणार. शेवंतीनं मान हलवली. "बोलीन," ती म्हणाली. मेट्रनबाई खूश होऊन गेल्या. नाटकातलं शेवटचं पात्र मिळालं होतं.

त्या रात्री मनुमावशीच्या चाळीत ती छताकडे बघत पडली. खरं बोलावं? शेठसमोर सगळं ओकून टाकावं? मग काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. शेठ म्हणतील, "लक्ष घालतो." मेट्रनबाई म्हणतील, "आई आहे ना, घाबरलीये बिचारी." आणि शेठ गेल्यावर आई बाहेर, आणि पोरीच्या डोक्यात सुई. खऱ्यानं दार उघडत नाही इथं. इथं दार कशानं उघडतं? विचार करता करता तिला तो खाडीवरचा आवाज आठवला आणि ती उठून बसली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात अगरबत्ती लावली होती. आया खाटांशी बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्यांत, फोटोला बसल्यासारख्या ताठ. जनाबाईला तंबाखू थुंकायला लावून मगच आत घेतलं होतं. शेवंतीनं उत्पलाला मांडीवर घेतलं. पोर हलकी लागली, रिकामी पिशवी उचलावी तशी. पण वास ओळखून तिनं तोंड वळवलं आणि ब्लाउज चाचपायला लागली. "थांब गं बाळे," शेवंती पुटपुटली, "आत्ता जरा थांब."

परशुरामशेठ आले. लाकडाच्या वखारींचे मालक, जाकिटात घामानं निथळत. बरोबर मोठे डॉक्टर, चार ट्रस्टी, आणि खुर्च्या उचलणारा भगवान. मेट्रनबाईंनी कमळाखाली उभं राहून सिद्धांत सांगितला. शेठनी 'पैसा' ही पाकळी वाचली आणि मान डोलवली. बाकीच्या पाकळ्यांवर त्यांची नजर थांबली नाही.

"आणि आता आमच्या एक माता दोन शब्द बोलतील."

शेवंती उठली. लिहून दिलेला कागद तिनं उत्पलाच्या दुपट्यात खोचून ठेवला होता, तो तिथेच राहू दिला.

"मी फार बोलत नाही," ती म्हणाली. "मेट्रनबाईंनी जे कमळ केलंय त्यावर कायदा लिहिलंय आणि काळजीही लिहिलंय. मला आधी कळत नव्हतं ते कसं जुळतं. पण बाईंनीच ठरवलं की इथे आईला पोराजवळ बसू द्यायचं. पाहिजे तेव्हा पाजू द्यायचं. दिवसरात्र." मग ती मेट्रनबाईंकडे वळली आणि अगदी साध्या, भोळ्या, कॉलेजातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीच्या चेहऱ्यानं तिनं विचारलं, "हो ना मॅडम? आता आया इथेच राहणार?"

परशुरामशेठ वळून बघत होते.

मेट्रनबाईंनी एकदा शेठकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे. हसू अजून ओठांवरच होतं, उतरायला जागाच नव्हती त्याला. "अर्थातच," त्या म्हणाल्या. "आई म्हणजे तर... अर्थातच. आया इथेच राहतील."

"वा!" परशुरामशेठ म्हणाले.

शेवंतीनं गोदा सिस्टरकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. दाराशी, ट्रॉलीला टेकून ती उभी होती, दगडासारखी. आता तोंड उघडलं तर झालं, नाहीतर हे सगळं शेठच्या त्या 'वा!'सारखं पंख्याच्या हवेत उडून जाणार होतं. ही बाई कशाला उघडेल? वरिष्ठ समोर, नोकरी समोर. आणि काल हिला टाइपरायटर म्हटलेलं व्हरांड्यातून आत ऐकू गेलं असेल तर?

"बालविभाग," आवाज आला. खाडीवरचा. "सगळ्या खाटा. आया दिवसरात्र पोराजवळ राहतील, मागेल तेव्हा पाजतील. मेट्रन मॅडमची तोंडी ऑर्डर. घेतली."

एक मूल दचकून रडायला लागलं.

"भगवान, ऐकलंस ना? गेटवरच्यांना सांग."

"हो सिस्टर," खुर्चीसकट भगवान म्हणाला.

मोठे डॉक्टर खाली बघून चष्मा पुसत होते. त्यांना ते 'ऑर्डर घेतली' आतड्यापर्यंत माहीत होतं. शेठ मात्र खूश झाले. "काय शिस्त आहे! मिलिटरी!" असं म्हणत ते चहाला गेले.

पाच मिनिटांत मेट्रनबाई परत आल्या. एकट्या. हसू तिकडेच ठेवून आल्या होत्या.

"सिस्टर, ते आजच्यापुरतं होतं. कार्यक्रमापुरतं. एवढं कळत नाही तुम्हाला?"

"तसं म्हणा मॅडम," गोदा सिस्टर म्हणाली. "मोठ्यानं म्हणा, आधीची ऑर्डर रद्द. शेठ आहेत अजून, दार पण उघडं आहे. मी घेते."

मेट्रनबाईंनी दाराकडे बघितलं. पलीकडून कपबशांचा आवाज येत होता, आणि शेठचा, कुणाला तरी सांगणारा, की आपल्या हॉस्पिटलात आया दिवसरात्र. मग त्यांनी दाराशी जाऊन, हात वर करून कमळाची सुटलेली पाकळी दाबून बसवली, जणू त्यासाठीच आल्या होत्या, आणि निघून गेल्या.

"गेली," जनाबाई म्हणाली आणि कनवटीची तंबाखू चाचपली.

"हितं थुंकलीस तर नातवासकट भायेर काढीन," गोदा सिस्टर म्हणाली.

शेवंती बसली. पदर ओढून उत्पलाला जवळ घेतलं. पोरीनं पकडलं, ओढलं, सोडलं. चिडून रडली. काहीच येत नव्हतं. एवढं सगळं करून आत आलो आणि आटलं? पुन्हा लावलं. पुन्हा सोडलं. गोदा सिस्टर येऊन उभी राहिली, वाकली, आणि काही न विचारता तिनं पोरीचं डोकं आपल्या रुंद पंजात धरून जरा वर केलं, हनुवटी आत दाबली. "घाई नको करू. वढू दे. वढलं की येतं." हात खरखरीत होते. लाड नव्हता त्यात, बोंबील उलटावा तसं केलं तिनं पोरीला.

आणि मग तो आवाज आला. घुटुक. थांबून, घुटुक.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. मॅडमकडून म्हणवून घ्यायचं होतंत."

"ऑर्डर नव्हती," गोदा सिस्टर म्हणाली आणि खाट बाराकडे गेली.

शेवंतीला तिचे आभार मानायचे होते, ते तिनं मानले नाहीत. इतके दिवस! इतके दिवस ही बाई एका वाक्याची वाट बघत उभी होती, आणि वाक्य नव्हतं म्हणून पोरं रडू दिली. मेट्रनबाईंचा तिरस्कार करणं सोपं होतं, आतून पोकळ, वरून चमकी. हिचा कसा करायचा ते कळत नव्हतं, आणि करायचं सोडवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मोठे डॉक्टर अकराव्या खाटेशी आले. तक्त्यावरचं वजन बघितलं. मग, बहुधा पहिल्यांदाच, खाटेकडे बघितलं. उत्पला मांडीवर पीत होती. एक डोळा उघडून तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि परत मिटला.

"सलाईन नको," ते म्हणाले.

"मोठ्यानं सर," गोदा सिस्टर म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मेट्रनबाई विद्यार्थिनींना सांगत होत्या, की आईचा सहवास हा आमच्या सिद्धांताचाच भाग होता, पहिल्यापासून. पुढच्या महिन्यात त्या त्यावर पेपर वाचणार होत्या. भगवान स्टुलावर चढून कमळाला 'आई' असं लिहिलेली सातवी पाकळी चिकटवत होता.

"डावीकडे," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझं डावं."